वाळून आलेला भाऊ

नांदेड स्टेशनवर सकाळी उतरलो तो पँट सावरतच. वर्षभरात माझं अकरा किलो वजन उतरलं होतं. चमत्कार काही नव्हता. रात्रीचं जेवण लवकर, भात निम्मा, भाजी दुप्पट, बिनसाखरेचा चहा आणि रोज पाऊण तास चालणं, बस्स. पुण्यात लोकांनी कौतुक केलं आणि मी जरा फुगलोही होतो. आता निघालो होतो उदगीरला, थोरल्या बहिणीकडे. आक्काचे गुडघे पार गेलेत आणि वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय. फोनवर ती कुणाचं ऐकत नव्हती. म्हटलं, नमुना म्हणून स्वतःच जाऊन उभं राहावं.

बसला अवकाश होता, म्हणून वजिराबादेतल्या जुन्या ओळखीच्या शिंप्याकडे, रहीमचाचांकडे गेलो. त्यांनी पँटची कंबर आत घेतली, पण जादा कापड काही कापलं नाही, आतच दाबून शिवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "शादीचा सीझन येऊन राहिला साहेब. परत भराल." मी हसलो, पण मनातून चिडलो.

नायगाव, देगलूर करत बस निघाली. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि गुडघाभर हरभरा. शेजारच्या बाईंनी न विचारता ओंजळभर सोलाणा (हरभऱ्याचे हिरवे दाणे) माझ्या हातावर ठेवला. उदगीर येईपर्यंत तो पुरला.

आक्का दारातच उभी होती. 'ये' म्हणाली नाही. वरपासून खालपर्यंत तिनं मला न्याहाळलं.

"लई वाळलास रे दत्ता. काय होतंय तुला?"

इकडे माणूस बारीक होत नाही, वाळतो, आणि वाळतो तो दुखण्यानं नाहीतर काळजीनं. दाजींचं असंच झालं होतं. चार महिन्यांत वाळले आणि गेले. हे मला ठाऊक असूनही सुचलं नव्हतं. आक्का आत जाऊन रडली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि वर दोन लाडू. मी दोन भाकरींनंतर ताटावर हात आडवा धरला. तिला वाटलं, याला घासच उतरत नाही. म्हणून सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) परातभर झाला. मी वाटीभर घेतला.

फिरायला निघालो तर ही काठी घेऊन मागे. मी रस्त्यात चक्कर येऊन पडेन, अशी तिची खात्रीच होती. पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीपर्यंत. दिसेल त्या ओट्यावर ती टेकायची, पण मला एकट्याला पुढे जाऊ देत नव्हती. आजाऱ्यावर नजर ठेवता ठेवता चालत होती ती. मी मनातल्या मनात खूश होतो.

तिसऱ्या दिवशी ती गिरणीपाशीच बसली. मला खरंच काही झालं नाही ना, असं पुन्हा विचारलं. मी तपासण्यांचे कागद दाखवतो म्हणालो. तिनं काठी बाजूला ठेवली.

"माझं वजन उतरलं की चिरतेत मला. तुझ्या दाजींना असंच चिरायला आत नेलं, ते भाईर आलेच न्हाईत. म्हणून खाऊन राहिले मी."

वर्षभर मी फोनवरून तिच्या भाकऱ्या मोजल्या होत्या. भीती कशाची वाटते, हे एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी एवढंच म्हणालो, की ऑपरेशनचं तुझं तू ठरव. करायचं ठरवलंस तर दाराबाहेर मी बसेन. चालायचं मात्र पायांसाठी चाल. तिनं काठी उचलली आणि घराकडे वळली.

पुण्याला परतून आता महिना झाला. वजन कमी कसं करावं, हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. काल सकाळी आक्काचा फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा होता.

"आज गिरणीच्या लई पुढं गेले. एकलीच. पण डॉक्टरला सांगू नको."