रेणुकाच्या दुरुस्तीखालचं माझं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, गटातल्या मित्रांजवळ तर नाहीच. तुम्ही कदाचित माझी पत्रकं वाचली असतील — 'संगणकाचा गाभा सगळ्यांचा, मग तो वाचायची जबाबदारी कुणाची?' मैसुरातल्या कॉलेजांच्या फाटकांवर उभं राहून मी ती वाटली. त्यातला शब्दही खोटा नव्हता. खोटा मी होतो.

मैसुरातल्या विजयनगर भागात दर रविवारी सकाळी आमचा छोटा गट जमतो. आम्ही कर्नलवर, म्हणजे मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यावर काम करतो. एकानं बदल लिहिला की दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ तपासायचा आणि खाली आपलं नाव टाकायचं. ते नाव म्हणजे दिलेला शब्द — नोंदीत कायमचा राहतो.

रेणुका गटात सगळ्यात नवी. घरचं टेलरिंगचं दुकान, कित्येक पिढ्या मैसुरात. तिचा पहिलाच बदल कॅशच्या चाचण्यांचा होता. प्रोसेसरची ही छोटी, चपळ स्मृती नीट चालते का ते बघायला प्रत्येक चाचणी मेमरीत आपापला बफर, म्हणजे कामापुरती जागा, घ्यायची. तोच कोड पाच ठिकाणी! रेणुकानं सगळं एका फंक्शनात, म्हणजे कोडच्या एकाच सामाईक तुकड्यात आणलं. आणि तपासायला माझ्याकडे पाठवलं.

मी वाचलं का? नाही. वरवर पाहिलं आणि नाव टाकलं. त्या दुपारी मी काय करत होतो, माहितीये? पत्रक लिहीत होतो — 'न वाचता सही करणाऱ्यांनो, लाज बाळगा!'

काही आठवड्यांनी गटातल्या विनयला चूक सापडली. जुन्या चाचण्या बफर घेतला की तो आकड्यांनी भरायच्या. नव्या फंक्शनात भरणंच राहून गेलं होतं. चाचणी रिकाम्या जागेवर धावायची आणि 'पास' म्हणून मोकळी व्हायची. सगळ्यांसमोर विनय हसत म्हणाला, "काय पत्रकवाले, खाली नाव तर तुमचंच!"

आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो — "भरणं राहिलंय, असं मी तिला फोनवर सांगितलं होतं. 'करते' म्हणाली, म्हणून नाव दिलं."

फोन झाला होता. पत्रकाच्या छपाईबद्दल.

रेणुकानं माझ्याकडे पाहिलं. आता ही मला खोटं पाडणार, असं मला वाटलं. तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो, हौदा अण्णा? खरंच? तुम्ही सांगितलंत आणि माझ्या डोक्यात राहिलंच नाही बघा!"

तिनं अविश्वास दाखवला तो स्वतःच्या डोक्यावर. तेव्हापासून तिच्याजवळ वही असते, दुकानात मापांची असते तसली. फोनवर कुणी काही बोललं की लिहून घेते.

आज सगळं छान चाललंय. तिला मनासारखं काम मिळालं. मी आता खरंच ओळ न् ओळ वाचतो. रविवारचा इडली-चहा गोड लागतो, झोप शांत लागते. मी समाधानी आहे — हेही कबूल करायलाच हवं ना?

त्या चुकीची दुरुस्ती तेव्हा तिनंच लिहिली. चूक दाखवणाऱ्याचं नाव लिहायला खाली एक ओळ असते. तिथं तिनं विनयचं नाही, माझं नाव घातलं — आधी 'सांगितलं' होतं ना मी! आणि तपासायला माझ्याकडेच पाठवलं.

ते मात्र मी पूर्ण वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि खाली सही केली.