चोवीस उंदरांची पंगत

मामा मूळचे वाढपी. एका वसतिगृहाच्या भोजनगृहात त्यांनी हातात डाव धरून सव्वीस वर्षं काढली. व्यवस्थापक असो की झाडूवाला, ताटात पडायचं ते सारखंच. भोजनगृह बंद पडल्यावर शेजारच्या संशोधन संस्थेने त्यांना उंदरांना खाऊ घालायला ठेवून घेतलं. उंदीर निदान मीठ कमी आहे असं म्हणत नाहीत, एवढ्यावर मामा खूश होते.

तिसऱ्या मजल्यावर दोन रांगांत चोवीस पिंजरे होते. प्रत्येक उंदराची शेपटी पट्टीने वरच्या दांडीला अडकवलेली, त्यामुळे मागचे पाय अधांतरी आणि डोकं खाली. अंतराळात रक्त असंच डोक्याकडे चढतं आणि फार दिवस राहिलं की माणूस विसराळू होतो, असं तिथल्या डॉक्टर मॅडमचं म्हणणं. त्यावर त्यांनी ब्राह्मी आणि अश्वगंधेचा अर्क तयार केला होता. पहिल्या रांगेला पाण्यातून अर्क, दुसरीला नुसतं पाणी. महिन्याने सगळ्यांना लाकडी भुलभुलैयात सोडायचं आणि आधी शिकवलेली बिस्किटाची वाट कुणाला आठवते ते बघायचं. अर्क गुणाचा ठरला तर तो अंतराळवीरांबरोबर वर जाणार होता. मॅडमची सात वर्षं त्यात गेली होती.

उंदरांना नंबर होते. मामांनी नाती लावली. दुसऱ्या रांगेत थोरली वहिनी होती, चुलत सासरे होते आणि शेवटच्या पिंजऱ्यात जावईबापू. समोर ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला ते आधी नाक मुरडत, मग सगळी फस्त करत. मामांनी जाळीतून बोट घातलं की दोन्ही पंजांनी ते धरून बसत. उलटं टांगूनसुद्धा त्यांचा रुबाब कमी झाला नव्हता.

पहिली रांग चुटूचुटू अर्क पितेय आणि दुसरी टकमक बघतेय, हे मामांनी दोन दिवस कसंबसं सोसलं. तिसऱ्या दिवशी ते मोठ्याने म्हणाले, "हा पंक्तिप्रपंच माझ्याच्याने व्हायचा नाही." आणि बारा जणांचा अर्क त्यांनी चोवीस वाट्यांत मोजून वाटला. रोज. महिनाभर.

परीक्षेच्या दिवशी चोवीसच्या चोवीस उंदीर नाकासमोर चालत बिस्किटापाशी पोचले.

"मॅडम, सगळे पास!" मामा आनंदाने ओरडले.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे अर्काचा काही उपयोग नाही, मामा. नुसत्या पाण्यावरही तेवढंच आठवतंय."

मामांनी ततपप करत सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण त्यांना काढून टाकलं नाही, कारण दुसऱ्या कुणी ठेवलेल्या पाण्याला उंदीर तोंड लावत नसत.

"पुन्हा पहिल्यापासून," मॅडम म्हणाल्या. "पाच आठवड्यांनी समिती येतेय. या वेळी दुसऱ्या रांगेला थेंब जरी गेला, तर माझी सात वर्षं पाण्यात गेली म्हणून समजा."

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, आपल्या तिन्ही मुलांत तुम्ही कधी उजवं-डावं केलं नाहीत. म्हणून तर तिन्ही सारखीच बिनकामाची निघाली. एकाला तरी वगळून बघायचं होतंत."

मामांनी मन घट्ट केलं. रोज दोन रांगांच्या मध्ये चादर ताणायची, मग पहिल्या रांगेला अर्क वाढायचा, आणि दुसऱ्या रांगेपुढे नुसतं पाणी ठेवताना मान खाली घालून "माफ करा" म्हणायचं. बारा वेळा. त्यांना स्वतःची लाज वाटायची.

समितीचे तिघे आले. पहिली रांग सरळ बिस्किटापर्यंत गेली. दुसरीतली वहिनी भिंतीला टेकून बसली, चुलत सासरे गोल गोल फिरत राहिले. समिती माना डोलवू लागली. मामांना राहवेना. दमलेल्या जावईबापूंना धीर द्यावा म्हणून त्यांनी बोट पुढे केलं. जावईबापूंनी ते परक्याचं असल्यासारखं हुंगलं आणि कडकडून चावा घेतला.

"वा!" अध्यक्ष उठून उभे राहिले. "ओळखसुद्धा गेली! हे नोंदवायलाच हवं. मामा, बाकीच्या अकरांनाही बोट दाखवता का?"

मामांनी दाखवलं. अकरा चावे नोंदले गेले. टाळ्या झाल्या, मॅडमचे डोळे भरून आले, अर्क वर जाणार हे ठरलं.

समिती गेल्यावर मॅडम मामांच्या बोटांना पट्ट्या बांधत होत्या. मामांनी विचारलं, "आता देऊ ना यांना?"

"द्या की. पण मामा, जे आहे ते अर्क राखतो. गेलेलं परत आणत नाही."

मामांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग उठून त्यांनी बारा वाट्या भरल्या, शेवटच्या पिंजऱ्यापुढे मांडी घातली आणि बोटाची पट्टी सोडून ते पुन्हा जाळीतून आत घातलं.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी मामा. मी इथे वाढायला असतो."