बायकांचा कार्यक्रम लागला नाही तो दिवस

मी मस्कतला निघालो त्या सकाळी जीप अंगणात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आमचे बाबा म्हणाले, "बातम्या संपू दे, मग निघ." आमच्या घरात बातम्या चालू असताना कुणी उंबरा ओलांडत नसे. "परदेशात कुनी इचारलं, तुमच्या देशात काय चाललंय, तर काय सांगशील? ठाऊक नाय म्हनशील?" मी बूट घालून, पासपोर्ट छातीशी धरून हवामानाचा अंदाज संपेपर्यंत ओटीवर बसलो. विदर्भात तुरळक पाऊस होता. गेल्या एकोणीस वर्षांत मस्कतमध्ये मला कुणीही देशात काय चाललंय ते विचारलेलं नाही. विदर्भाचं तर नाहीच.

तुम्ही जे आपल्या गावात, शेणव्यातच राहिलात, त्या तुम्हाला हे नवीन नाही. आमच्याकडे लग्नात आलेलं घड्याळ भिंतीवर होतं, पण ते शोभेला. वेळ सांगायचा तो सरकारी रेडिओ. संस्कृत बातम्यांना म्हैस पिळायची. त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नसे, म्हशीलाही नाही. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की आई तवा उतरवायची आणि ताटं मांडायची. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की दिवा. शेजारीण कुंपणापलीकडून "किती वाजले" असं कधी विचारायची नाही. "काय लागलाय गो?" एवढंच.

बाबा गेले आणि दोन वर्षांनी आईला साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. मी एकुलता एक, तोही समुद्रापलीकडे. शहापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गोळी आणि जेवण वेळेवर झालं नाही, तर यांना एकटं ठेवता येणार नाही. आईला घर सोडायचं नव्हतं. मग मी माझी अक्कल चालवली.

सुट्टीतला एक अख्खा दिवस मी वही घेऊन रेडिओसमोर बसलो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भाषणं, मुलाखती, आरोग्याचे सल्ले, बाजारभाव, सगळं ऐकलं आणि कुठल्या कार्यक्रमाला कुठली गोळी, कुठल्या कार्यक्रमाला जेवण, असा तक्ता केला. खर्डीला जाऊन लॅमिनेट करून आणला. आईला वाचता येत नाही, हे तो भिंतीला चिकटवताना आठवलं. पण तिनं एकदा ऐकूनच सगळं पाठ केलं. माझा तक्ता फक्त माझ्यासाठी राहिला.

आठ महिने झकास गेले. मी फोनमध्ये त्याच रेडिओ केंद्राचं अ‍ॅप टाकलं. स्टोअरमध्ये माल उतरवून घेताना एका कानात तेच. मस्कत दीड तास मागे, म्हणून माझ्या सकाळच्या दुसऱ्या चहाला तिकडे बायकांचा कार्यक्रम लागायचा. आता आई जेवायला बसली, असं म्हणून मी चहा घ्यायचो. रूमवरच्या मुलांना मी या व्यवस्थेवर व्याख्यानं द्यायचो.

एके दिवशी अ‍ॅप लावलं तर क्रिकेटची कॉमेंट्री. मी खूश. आमचा केरळी सुपरवायझरही खुर्ची ओढून शेजारी बसला. तीन तास आम्ही दोघं मजेत ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

मग शेजारच्या वनितावहिनीचा फोन आला. "भाऊजी, काकी ओटीवर घामानं भिजून बसल्यात. हात थरथरतात. सकाळपासून जेवल्या नाय."

"का?"

"बायकांचा कार्यक्रम लागला नाय म्हनत्यात. तीन वाजून गेले."

मागून आईचा बारीक आवाज आला, "सांग त्याला, माझी चूक नाय. ते लोक अजून खेळतात."

वनितावहिनीनं गुळाचं पाणी पाजलं, भात भरवला, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मी फोनवर आवाज चढवला. बस झालं, व्हिसा काढतो, इकडे ये.

"तिथं येऊन काय करू? तू कंपनीत जाशील, मी भिंतीशी बोलू?" आई म्हणाली. "एक दिवस खेळ झाला म्हनून घर सोडू? मग तुझ्या बाबांनी दर मॅचला गाव सोडलं असतं."

मोबाइलचा अलार्म तिनं लावू दिला नाही. ते नुसतं कोकलतं, बोलत काय नाय, हे कारण. शेवटी ठरलं की दिवसातून तीनदा मीच फोन करायचा. तिनं महिनाभर वेळा पाळून दाखवल्या, तर व्हिसाचं नाव काढायचं नाही. थोडक्यात, मी माझ्याच आईसाठी केंद्र झालो. श्रोता एक.

महिना संपायला दोन दिवस राहिले असताना कंपनीत तपासणी आली. फोन लॉकरमध्ये. बाहेर पडलो तेव्हा दुपार कलली होती. लॉकरपाशीच उभं राहून नंबर लावला.

"गोळी घेतली, जेवले, भांडीपन घासली," आई म्हणाली. "भूक लागल्याचं मला कळत नाय काय? एकदा आपटले, शिकले."

"मग माझ्या फोनची वाट नाही बघितलीस?"

"बघितली तर. वनितालापन इचारलं, तिकडं मॅच हाय काय म्हनून. तू जेवलास?"

मी जेवलो नव्हतो.

व्हिसाचे कागद मी त्याच आठवड्यात फाडले. इतकी वर्षं मी समजत होतो की घर म्हणजे जिथं आपल्यावाचून अडतं. तसं काही नाही. शेणव्यात माझ्यावाचून काही अडत नाही, गोळीसुद्धा नाही. फक्त मी वेळेवर बोललो नाही, की तिथं एक बाई कुंपणापलीकडे चौकशी करते.

तपासणीच्या त्या दुपारी तिनं मला फोन ठेवू दिला नाही. म्हणाली, आधी डबा उघड. मी गार झालेला भात खात होतो आणि तिनं चालू रेडिओ बंद केला. आमच्या घरात चालू रेडिओ मधेच बंद झालेला मी कधी ऐकला नव्हता. पलीकडे वनितावहिनी काहीतरी सांगत आली, तर आई तिच्यावर खेकसली, "हळू बोल गो. जेवतोय तो."