हे कोणी लावलं?

रविवारची दुपार. पोटात वरणफळं आहेत, छातीवर पेपरची पुरवणी उघडी पडली आहे आणि पापण्या मला न विचारता मिटायला लागल्या आहेत. झोप लागण्याआधी एक जागा असते. तिथे पंख्याचा आवाज ऐकू येतो, पण पंखा कोणाचा ते आठवत नाही. मी त्या जागेवर आहे आणि डोक्यात एकच प्रश्न आहे: लॉनच्या मधोमध उगवलेलं ते रोप कोणी लावलं?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्या घरात तो नाही. साताऱ्यातलं हे घर माझ्या सासऱ्यांचं, अप्पा वाठारकरांचं. अप्पा जिल्हा न्यायालयात नाझर होते. निवृत्त झाल्यावर कायदा राबवायला त्यांना लॉन सापडलं. रोज सकाळी खुरपं घेऊन उकिडवे बसायचे आणि जे कोणी लावलेलं नाही ते उपटायचे. केना, दुधाणी, लव्हाळा, कोणालाच जामीन नसे. उपटलेलं तण मुळं वर करून उन्हात मांडायचे, पुन्हा रुजायला नको म्हणून. मी या घरात लॉननंतर आलो, घरजावई म्हणून. त्यामुळे खुरपं हातात असताना ते माझ्याकडे बघायचे, तेव्हा मी जरा सावरून बसायचो.

अप्पा चैत्रात गेले. पावसाळ्यात लॉनभर तण माजलं आणि त्यातच हे रोप आलं. पानं रुंद, देठाला लव, नाव माहीत नाही. फोनमधल्या ॲपने ते एकदा औषधी ठरवलं, एकदा विषारी, आणि तिसऱ्या वेळी फोटो नीट काढा म्हणून मलाच झापलं. उद्या सकाळी तणनाशक फवारायला माणूस येणार आहे. त्याच्या औषधाने गवत राहतं आणि रुंद पानांचं सगळं जळतं. त्याला बोलावलं माझ्या बायकोने, वैजयंतीने, कारण अप्पांच्या लॉनची ही दशा तिला बघवत नाही. आणि त्या रोपाला काठीचा आधार देऊन रोज पाणी घालते तीही वैजयंतीच, कारण ते अप्पांनीच लावलं असणार असं तिला वाटतं. अप्पा गेले तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये खाली औषधांच्या रांगेत उभी होती. तेव्हापासून तिला त्यांच्याकडून शेवटचं असं काहीतरी हवं आहे.

"अप्पांनी लावलं असेल तर ठेवायचं. आपोआप आलं असेल तर जाऊ दे," ती आज जेवताना म्हणाली. "काय ते तुम्ही शोधून काढा. फक्त माझं मन राखायला काही सांगू नका. खरं असेल ते सांगा."

पंखा थांबतो.

मी लॉनवर आहे, अनवाणी. लॉन आहे तसंच आहे, फक्त त्याला चार भिंती आहेत आणि वर ट्यूबलाइट. अप्पा उकिडवे बसलेत. अंगात बनियन, डोक्याला कानटोपी. मेलेल्या माणसासारखे दिसत नाहीत. नुकतेच निवृत्त झाल्यासारखे दिसतात.

"आलात जावईबापू? चपला बाहेर काढल्यात ना?"

"चपला नाहीतच, अप्पा."

"बरं. बसा. गवतावर नको, गवत दबतं."

मी हवेत बसतो. जमतं.

"कसं आहे तिकडे?" मी विचारतो. नुसतं विचारायचं म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

"बाग उत्तम आहे." त्यांचा चेहरा पडतो. "तण नाही. औषधाला नाही. आहे ते सगळं लावलेलं. सकाळी उठून माणसाने करायचं काय?"

"बाकीचे काय करतात?"

"कौतुक करतात," अप्पा म्हणतात. एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं.

आम्ही कोर्टात आहोत. बाकांच्या फटींतून हरळी वर आलीय आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते रोप उभं आहे, काठीसकट. न्यायाधीशांच्या खुर्चीवर कोणी नाही, नुसता एक टॉवेल वाळत घातलाय. बाहेर पट्टेवाला पुकारा करतोय. नाव माझंच आहे, पण घाई कोणालाच दिसत नाही.

"अप्पा, एकच विचारायचंय. हे तुम्ही लावलंत का?"

अप्पा चष्मा चढवतात. पान उलटून बघतात, देठ हुंगतात, बुंध्यापाशी बोट खुपसून माती चाचपतात.

"मी?" ते म्हणतात. "मी असलं लावीन? तण आहे हे. पाखरांनी आणून टाकलेलं. आणि याला काठी कोणी दिली?"

"वैजूने."

"तणाला काठी?"

"पाणीही घालते. रोज."

अप्पा चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "वैजू? तिने माझ्या जास्वंदीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. फुलं तेवढी न्यायची."

"तिला वाटतं, तुम्ही जाता जाता हे लावून गेलात. ती तेव्हा खाली रांगेत होती ना."

"रांगेत होती होय," अप्पा हळूच म्हणतात. "मला वाटलं, डबा आणायला गेलीय."

आम्ही रांगेतच आहोत. दुकान औषधांचं आहे, पण फळ्यांवर कुंड्या मांडल्यात आणि पुढची माणसं गुडघाभर गवतात उभी आहेत. सगळ्यात पुढे वैजू, पाठमोरी. खांद्यावर पर्स, हातात चुरगळलेली चिठ्ठी. अप्पा टाचा उंच करून तिच्याकडे बघतात.

"हाक मारू?" मी विचारतो.

"नको. वळली तर तिचा नंबर जाईल."

आम्ही तिची पाठ बघत राहतो. रांग हलत नाही.

"सांगून टाका तिला, अप्पांनी लावलं म्हणून," ते म्हणतात. "तुमचं काय जातंय?"

"खरं तेच सांगा म्हणालीय. मन राखायला काही चालणार नाही."

"माझीच मुलगी!" हे ते तक्रारीच्या सुरात म्हणतात, पण चेहरा खुलतो. मग ते कानटोपीखाली बोट घालून डोकं खाजवतात. कागदपत्रांत अडलेलं काम कुठल्या कलमात बसवायचं, याचा विचार करताना ते असंच करायचे.

आम्ही पुन्हा लॉनवर आहोत. अप्पा खुरप्याने रोपाभोवती गोल कापतात, खालून हात घालतात आणि ते मातीच्या गड्ड्यासकट उचलतात. मला वाटतं, आता मुळं वर करून उन्हात ठेवणार. मी अडवायला हात पुढे करतो. अप्पा गड्डा तळहातावर धरून जरा वेळ बघत राहतात.

"मुळं मात्र बरी धरलीत," ते म्हणतात.

आणि रोप त्याच खड्ड्यात परत ठेवतात. माती लोटतात, अंगठ्यांनी दाबतात, भोवती व्यवस्थित आळं करतात आणि कुठूनतरी आलेल्या तांब्यातलं पाणी धार न तोडता सोडतात.

"झालं. आता मी लावलंय. सांगा तिला, अगदी खरं सांगा."

"पण अप्पा, तण आहे ना हे?"

"होतं. आता कोणीतरी लावलंय ना? एवढं शिकलात आणि एवढं कळू नये?" ते गुडघ्यांवर हात टेकून उठतात. "फुलोरा आला की खुडत जा. बी धरू द्यायचं नाही. नाहीतर माझ्या लॉनची वाट लागेल."

"चहा टाकलाय," वैजयंतीचा आवाज येतो. पंखा फिरतोय. पुरवणी जमिनीवर पडलीय.

मी उठून तडक बाहेर जातो. रोप जागेवर आहे, पण सकाळी ताठ असलेली पानं खाली लोंबताहेत, हलवून लावलेल्या रोपाची पहिल्या दिवशी लोंबतात तशी. भोवती गोल आळं आहे आणि त्यातलं पाणी अजून पुरतं जिरलेलं नाही.

वैजयंती कप घेऊन मागे येऊन उभी राहते.

"हे आळं तुम्ही केलंत?"

"नाही. तू?"

"मी तर आत्ता उठले." ती वाकून मातीवरून बोट फिरवते. "कळलं का काही? कोणी लावलं?"

"अप्पांनी."

"खरं सांगताय?"

"खरं."

"कधी?"

"आत्ता मघाशी," मी म्हणतो.

ती माझ्याकडे बघते, मग पाण्याकडे. कप माझ्या हातात देते, आत जाते आणि न्हाणीघरातली मोठी बादली घेऊन येते, उद्या फवारणीच्या वेळी रोपावर नीट पालथी बसते का ते बघायला.