थर्मल बंद करण्याचा ठराव

माझे वडील थर्मलला होते. शहराबाहेरच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राला आमच्याकडे सगळे नुसतं थर्मल म्हणतात. पप्पा तिथे बॉयलरवर, पाळीची नोकरी. रविवारी सुट्टी जमून आली की ते चर्चचे पंच, कारभार पाहणाऱ्या समितीतले. पहिल्या बाकावर बसायचे, शास्त्रपाठ वाचायचे आणि उपासना संपली की हॉलमधले पंखे बंद करूनच घरी यायचे. बोलणं कमी. मी त्यांची थोरली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी. त्यांनी न केलेलं सगळं बोलणं बहुधा मीच करत होते.

भारनियमनाचे दिवस होते ते. रोज ठरल्या वेळी वीज जायची आणि सगळी गल्ली अंगणात येऊन बसायची. त्याच वर्षी आमच्या चर्चला नवे पाळक, म्हणजे पास्टर, आले. तिशीच्या आतले, बंगळुरात शिकलेले, मोटरसायकलवरून मंडळीच्या, चर्चच्या सगळ्या सभासदांच्या, घरोघर फिरणारे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी त्यांनी हॉलमध्ये पडदा लावून एक इंग्रजी माहितीपट दाखवला. बर्फाचे कडे कोसळत होते, समुद्र किनाऱ्यावरच्या घरांत शिरत होता. दिवे लागले तरी कोणी उठेना. पाळक म्हणाले, ही सृष्टी देवाची आहे आणि आपण ती जाळत चाललोय, कोळसा जाळणं हे आपल्या पिढीचं पाप आहे. वीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपल्यासाठी काहीतरी खरंखुरं काम काढून ठेवलंय.

पुढचे पंधरा दिवस आम्ही अठरा जण नुसते उधळलो होतो. कॉलेज सुटलं की थेट चर्च. पत्रकं लिहिली, शहरातल्या दुसऱ्या चर्चमधल्या मुलांना गाठलं, सातपूरला कारखान्याच्या गेटवर जाऊन कामगारांशी बोललो. मी एक मोठं पोस्टर रंगवलं. थर्मलचे कमरेत बारीक, पोटात रुंद मनोरे, त्यातून निघणारे धुराचे लोट आणि खाली करपलेली पृथ्वी. ठरावही मीच लिहिला, की आमची मंडळी शासनाला विनंती करते की हे केंद्र बंद करावं आणि नवं बांधू नये. ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी मंडळीच्या सभेत तो मताला टाकायचा आणि मग विभागाच्या मेळाव्यात न्यायचा, असं ठरलं.

तो कागद मी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवला. शेजारी पोस्टर. आई नर्स होती, ती कामावरून आली आणि म्हणाली, आधी ते टेबलावरून काढ, रंग ओला आहे. पप्पांनी चष्मा लावून ठराव दोनदा वाचला. मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते, मुद्दे पाठ होते.

"थर्मल आतून पाहिलंय का कधी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रोज बाहेरून दिसतंच की.

"तुमच्या सगळ्या संघाला घेऊन ये. पाळकसाहेबांनाही सांग. परवानगी मी काढतो."

मी जन्मापासून थर्मलच्या पगारावर वाढले होते आणि गेटच्या आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पाळकांना सांगितलं तर तेही पोरासारखे खूष झाले. म्हणाले, शत्रू जवळून बघू.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. डोक्यावर पिवळी हेल्मेटं, माझं सारखं नाकावर घसरत होतं. आधी कोळशाचं आवार. काळ्या टेकड्याच होत्या त्या. तिथे एक अवजड यंत्र मालगाडीची अख्खी वाघीण पकडून, सूप पालथं करावं तशी उलटी करत होतं आणि जमीन हादरत होती. आम्ही टाळ्याच वाजवल्या. मग तो कोळसा चक्कीत दळून तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक करतात, ते पाहिलं. पप्पा पुढे चालत होते आणि सलग बोलत होते. घरी पाच वाक्यांत दिवस काढणारा माणूस तिथे यंत्रावर ओरडून एकेक नळी समजावून सांगत होता. तिथली माणसं त्यांना वाट देत होती, हसून नमस्कार करत होती. मला हे सगळं नवं होतं.

बॉयलरच्या वरच्या मजल्यावर गेलो तेव्हा बुटांचे तळवे गरम झाले होते. भिंतीत एक छोटं झाकण होतं. पप्पांनी खिशातून निळ्या काचेचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. डोळ्यापुढे धरून आत बघ, म्हणाले. त्यांनी झाकण उघडलं. आत ज्वाळा वगैरे नव्हत्याच. एक प्रचंड उजेड होता, दहा मजले उंच, फिरणारा, गरगरणारा, आणि त्याचा आवाज छातीत घुमत होता. माझ्या तोंडून नुसतं "प्रभू" एवढंच आलं. पाळकांनी पाहिलं, काच परत दिली, पुन्हा मागून घेतली. अठराही जणांनी दोन-दोनदा पाहिलं. रांगेवरून आमची भांडणं झाली.

नियंत्रण कक्षात पप्पांनी विजेची वारंवारता दाखवणारा एक काटा दाखवला. राज्यात विजेची मागणी वाढली आणि तेवढी पुरवता आली नाही की तो पन्नासच्या खाली येतो. आम्ही बघत असतानाच तो जरासा घसरला. पप्पा म्हणाले, आता कुठेतरी अंधार करावा लागेल. कुठे करायचा ते वरून ठरतं आणि गावांचा नंबर आधी लागतो.

शेवटी मनोरे. माझ्या पोस्टरमधले. आम्ही बुडाशी उभे राहिलो तर आत धो धो पाणी पडत होतं, तोंडावर तुषार येत होते, वर पांढरे लोट निघत होते.

"हा धूर नाही," पप्पा म्हणाले. "वाफ आहे. पाणी थंड करायची जागा ही."

संघातल्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण पप्पा तिथे थांबले नाहीत. लांबच्या उंच चिमणीकडे बोट करून म्हणाले, तुम्ही ज्याच्याविषयी बोलताय तो वायू तिकडून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण जातो, हे लपवणार नाही.

त्या वाक्याने मी जास्त गडबडले. ते विरोधक होते, मग आमची बाजू का सांगत होते? परतताना बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही, सगळे एकाच वेळी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सभा. हॉल खच्चून भरला, दारातही माणसं. मी ठराव वाचला, आवाज चांगला लागला. पाळक बोलले, सुंदर बोलले. मग पप्पा उठले. शास्त्रपाठ सोडून मंडळीसमोर ते बोलायला उभे राहिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी आधी जुनी आठवण काढली. दोन हजार साल यायच्या आधी आमच्याकडे बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. संगणक बंद पडतील, वीज जाईल, शेवट जवळ आलाय, असं त्यांनी सांगितलं आणि निम्म्या मंडळीने तांदूळ नि रॉकेल भरून ठेवलं. मला ते आठवत होतं, आमच्या मोरीत डबे होते. पप्पा म्हणाले, एकतीस डिसेंबरच्या रात्रपाळीला बॉयलरवर मी होतो, काही झालं नाही. हॉल हसला. तेव्हापासून, ते म्हणाले, कुणी येऊन घाबरवलं की मी आधी विचारतो, घाबरून आपण काय करावं असं याचं म्हणणं आहे?

मग ते निफाडकडच्या आपल्या गावाविषयी बोलले. त्यांची आई चुलीच्या धुरात डोळे गमावून बसली. गावात वीज आली तेव्हा ते सातवीत होते, आणि पहिला दिवा चर्चमध्ये लागला, सगळं गाव बघायला जमलं.

"जलप्रलयानंतर देवाने नोहाला वचन दिलंय," ते म्हणाले. "पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन थांबणार नाहीत. मी त्यावर विश्वास ठेवतो. आणि कोळसाही त्यानेच जमिनीत ठेवला, सैतानाने नाही. हवा तापतेय की नाही, किती तापतेय, ते मला ठाऊक नाही. पण थर्मल बंद केलं तर पहिला अंधार कुणाच्या घरात होईल, ते मला ठाऊक आहे. काल संघातल्या पोरांनी तो काटा पाहिला."

पाळक लगेच उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण रागाने नाही. म्हणाले, काका, त्याच देवाने पहिल्या माणसाला बाग राखायला दिली होती. वचन त्याचं आहे, राखण आपली. ती मोडून टाकली तर वचनाच्या आड लपता येणार नाही. पप्पा मान हलवत ऐकत होते. मी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. दोघांचंही खरं वाटत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक मावशी उठल्या. थर्मलच्या रस्त्याला त्यांचा मळा होता, शेवंती नि झेंडू करायच्या. "मला आभाळाचं काय कळत नाय," त्या म्हणाल्या. "पर थर्मलच्या राखेचे ट्रक उघडे जात्यात. माझी पांढरी शेवंती करडी होऊन जाती. रोज फुलं झटकून मार्केटात न्यावी लागत्यात. ते लिवा ना आधी."

पप्पा म्हणाले, बाई बरोबर बोलतात, ट्रक मीही पाहतो, आणि इतकी वर्षं मी गप्प राहिलो. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन काढलं. तिथेच, सगळ्यांसमोर, मी माझ्या ठरावातली 'बंद करावं' ही ओळ खोडली. त्या जागी लिहिलं, की राख नेणाऱ्या ठेकेदारांच्या ट्रकांवर ताडपत्री सक्तीची करावी. तरुण संघातले चौघे नाराज झाले, एकीने तर माझ्याशी महिनाभर अबोला धरला. पण हात वर झाले तेव्हा मोजायची गरज पडली नाही. ठरावासोबत शासनाला द्यायच्या अर्जावर पहिली सही मावशींची, दुसरी पप्पांची. नोकरीत असलेल्या माणसाने अशी सही करावी का, असं कुणीतरी कुजबुजलं. पप्पांनी खाली हुद्दाही लिहिला.

घरी जाताना स्कूटरवर मी मागून विचारलं, "आणि पाळकांचंच खरं निघालं तर?"

"तर शिकू, सुधारू," ते म्हणाले. "देवाने डोकं दिलंय की. घाबरल्यावर ते चालत नाही एवढंच."

माझं समाधान झालं नाही. मी तसं सांगितलंही, आणि घर येईपर्यंत आम्ही वाऱ्यात ओरडून वाद घातला. पप्पांशी इतकं बोलणं माझं तोवरच्या आयुष्यात झालं नव्हतं.

पावसाळ्यानंतर निम्म्या ट्रकांवर ताडपत्र्या आल्या. उरलेल्यांसाठी मावशी स्वतः रस्त्यात उभ्या राहायच्या. पाळकांनी आपलं मत सोडलं नाही, पप्पांनीही नाही. पाळकांची बदली होईपर्यंत दर गुरुवारी ते आमच्याकडे चहाला येत आणि दोघांचा वाद पहिल्या घोटापासून सुरू होई. दृढीकरणाच्या, चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गातल्या मुलांना मात्र ते दरवर्षी थर्मल दाखवायला नेत, आणि परवानगी पप्पा काढत.