खंडेनवमीची अकरा मिनिटं

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबागेतले कारखाने थंड असतात. लेथला, ड्रिलला हळदकुंकू लागतं आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. महामार्गावरच्या आमच्या बचाव गाडीची पूजा होते, सुट्टी होत नाही.

गाडीत पत्रा कापायचा कटर, चेपलेला पत्रा फाकवायचा स्प्रेडर, एक पंप आणि दोन होस पाइप असतात. पंपातलं तेल दाबानं पाइपातून हत्यारात जातं, तेव्हाच त्याला जोर येतो. हे सामान माझ्या ताब्यात. रोज सकाळी बत्तीस ओळींची यादी तपासायची आणि खाली सही करायची, हा माझा नेम.

त्या दिवशी हत्यारं मीच धुतली. पाइपांच्या तोंडावरच्या रबरी टोप्या ग्रीसनं माखल्या होत्या. त्या काढल्या, साबणानं घासल्या आणि कठड्यावर वाळत ठेवल्या. यादीत ‘टोप्या स्वच्छ’ अशी ओळ होती. तिच्यापुढे खूण केली. टोप्या परत बसवल्या का, अशी ओळ नव्हती. मग चटईवर सगळं मांडलं. आमचा ड्रायव्हर, आम्ही सगळे त्याला आप्पाच म्हणतो, त्यानं झेंडूचे हार घातले, कुंकू वाहिलं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या.

नारळ फोडून झाला नव्हता तोवर फोन आला. काकतीच्या पुढे एक टेम्पो कंटेनरला मागून धडकला होता, ड्रायव्हर आत अडकला होता. पाच मिनिटांत निघालो. हार काढायला कुणी थांबलं नाही.

टेम्पो निपाणीकडचा होता. चालवणारा तिशीतला, डॅशबोर्ड त्याच्या उजव्या मांडीवर येऊन बसला होता. त्याच्या शेजारी बसलेली थोरली बहीण खरचटण्यावर निभावून बाहेर उभी होती.

“आक्का, जरा मागं सरा,” मी म्हणालो.

“सरते की! तुमी आदी हात तर लावा!”

आतून भाऊ म्हणाला, “अण्णा, पाय हाय न्हवं माझा? मला कळंनाच झालाय.”

“आहे. हलू नको.”

पंपाचा पाइप कटरला जोडायला घेतला. पाइपाच्या तोंडाचं कपलिंग बसेना. दाब सोडला, परत लावलं. बसेना. दुसरा पाइप घेतला, त्याचंही तेच. मागं गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, “हार घालून आल्यात बघ. वरात हाय काय रं?” दोघं हसले. आप्पानं रागानं हार ओढून फेकले.

मी कपलिंगचं तोंड उजेडाकडे धरलं. कुंकू आणि तेल मिळून आत चिखल झाला होता आणि आतल्या कडेला तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. बोट जात नव्हतं.

“पिन आहे का कुणाकडे?”

आक्कानं मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून दिली. मी दाणा उकरला. तो तळहातावर पडला तेव्हा ती वाकून बघत होती.

“ह्ये काय? तांदूळ?”

मी कपलिंग पुसलं, दाबलं, कट्ट असा आवाज झाला. घड्याळ बघितलं. हे काम दोन मिनिटांचं. अकरा गेली होती.

त्यानंतर सगळं नेहमीसारखं झालं. दाराच्या बिजागऱ्या कापल्या, दार बाजूला काढलं. स्प्रेडरनं डॅशबोर्ड बोटबोटभर उचलला. त्याला बाहेर ओढताना तो ओरडला नाही. ओरडायला हवा होता.

अहवालात मी उशिराचं कारण लिहिलं: कपलिंगमध्ये अक्षता, टोप्या न बसवल्याने, चूक माझी. यादीला तेहतिसावी ओळ जोडली. तरी झोप नीट येईना. तिसऱ्या दिवशी बेळगावच्या दवाखान्यात गेलो. पाय काढावा लागणार नव्हता. पण शीर किती वेळ दबून राहिली, हे डॉक्टर सारखं विचारत होते आणि पायाचा अंगठा हलल्याशिवाय पुढचं काही सांगायला तयार नव्हते.

मी दोघांना सगळं सांगून टाकलं. आक्का म्हणाली, “आमी पन टेम्पोवर अक्षता टाकतो की. पर इंजिन उघडून आत न्हाय टाकत.”

“व्हय, आक्का.”

“व्हय काय व्हय? वेळ डॉक्टरास्नी सांगितला?”

“आत येण्याआधी त्यांनाच सांगून आलो.”

ती जराशी निवळली. चादर वर करून भावाला म्हणाली, “ह्यांच्याम्होरं अंगठा हलवून बघ रं.”

त्यानं डोळे गच्च मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. “हलतंय काय?”

आक्का माझ्याकडे बघत होती. चादर थोडी सरकली होती, पण ती गुडघ्यामुळे; अंगठा तसाच होता.

“नाही,” मी म्हणालो. “परत कर.”

त्यानं श्वास घेतला आणि परत डोळे मिटले.