चांदीची टोपणं

कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्या हंगामात आमच्या भाऊजींनी बैलगाडीच्या चाकांना चांदीची टोपणं बसवली. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. समुद्रापलीकडे कुठंतरी कुणाची तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्या कृपेनं आमच्यासारखी काळ्या रानातली माणसं अमरावतीच्या पेठेत कानात अत्तराचे फाये खोचून हिंडत होती. त्या लढाईत किती माणसं मेली, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती लवकर संपू नये, एवढंच देवापुढे मागत होतो.

तोवर दोन्ही घरच्या गाड्यांचं वंगण माझ्याकडे असे. चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्याला तुंबा म्हणतात. त्यातून लोखंडी आस जातो. दोघं एकमेकांना घासून तापतात, म्हणून मध्ये एरंडेलात राख घोटून केलेलं काळं वंगण भरायचं. ते गळू नये आणि धूळ आत शिरू नये म्हणून तोंडाशी तेलात मुरवलेल्या अंबाडीच्या दोरीचे वेढे द्यायचे, त्यावर चामड्याची चकती बसवायची. दर मुक्कामाला खीळ काढा, चाक सरकवा, जुनं पुसा, नवं भरा. माझ्या नखांतला काळा रंग माझ्या स्वतःच्या हळदीलासुद्धा निघाला नव्हता.

पैसा आल्यावर भाऊजींना तो रंग खुपायला लागला. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मी गादीवर टेकणार, तोच ते भर मांडवात म्हणाले, "साळेबुवाले पोत्यावर बसवा रे. गादीले वंगण लागन."

मांडव हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो, पोत्यावर बसलो आणि त्यांची जिलबी घाम फुटेपर्यंत खाल्ली.

मग आली टोपणं. दोन्ही तुंब्यांवर एकेक, वर कमळ कोरलेलं. कुणी चोरू नये म्हणून सोनारानं ती चहूबाजूंनी खिळे ठोकून पक्की केली. खीळ आत, चकती आत, दोरी आत. वंगण कुठून घालायचं, असं मी विचारलं, तर भाऊजी म्हणाले की एकदा भरलेलं वर्षभर पुरतं, सोनारानंच सांगितलंय. मी मान डोलावली. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी मान डोलावलेली नाही.

कापूस भरून दहा-बारा गाड्या अकोल्याला निघाल्या. भाऊजींची पुढे, तिच्यामागे माझी. त्यांच्या कापसावर बहीण बसलेली. तिला मूलबाळ नव्हतं. डावीकडचा पांढरा बैल तिचा. गाय विऊन मेली तेव्हा कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून तिनं तो वाढवला होता. तिनं हाक मारली की ओढत असतानाही तो कान मागे वळवायचा. निघताना ती मला एवढंच म्हणाली होती की मुक्कामाला बाकी काही बघू नकोस, त्याला बघ.

आमच्याकडे रीत अशी, की मुक्कामाला ज्यानं त्यानं आपल्या पुढच्या गाडीच्या तुंब्याला हात लावून बघायचा. स्वतःच्या नाही. स्वतःचा तुंबा माणसाला नेहमी गारच लागतो. पुढचा तापला असेल तर तसं सांगायचं, मग तो उघडून वंगण भरेपर्यंत सगळ्या गाड्या थांबायच्या.

बडनेऱ्याला भाऊजींचा तुंबा कोमट होता. मी गार म्हणालो. माझ्या मनात फार काही नव्हतं. भर अकोल्याच्या पेठेत चाक बोंबलावं, लोक जमावेत आणि कुणीतरी हातोड्यानं ती कमळं उचकटावीत, एवढंच मला बघायचं होतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडेच उजवं चाक कण्हू लागलं. मुक्कामावर चामडं जळल्याचा वास आला. पुढारी गाडीवान म्हातारा आणि कानाचा तिखट होता. तो स्वतः आला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, नीट लाव हात.

मी नीट लावला. अख्खा तळहात कमळावर टेकवला आणि दाबून धरला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तोंडावर असं हसू आणलं, की तमाशातल्या सोंगाड्यानं माझे पाय धरावेत.

"गार हाय, भाऊजी," मी म्हणालो. "चांदी हाय ना."

भाऊजींनी खूश होऊन माझी पाठ थोपटली.

पुढच्या नाल्याच्या उतारावर ते चाक जागच्या जागी आवळलं. भरलेली गाडी गर्रकन फिरली, जू पिळवटलं, टोपण उडालं आणि टुणटुण करत बाभळीत गेलं. मला हसू फुटलं. हो, फुटलं. मग पुढचा आवाज ऐकू आला. डावा बैल खाली पडला होता आणि त्याचा पुढचा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

बहिणीला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाकीच्यांनी भाऊजींचा कापूस आपापल्या गाड्यांवर चढवला. भाऊजी बाभळीत टोपण शोधत होते. दिवस मावळायच्या आत बैल गेला, तोवर तो तिचं मनगट चाटत होता.

तिनं पाणी मागितलं. मी डाव्या हातानं तांब्या पुढे केला. पाणी कुणी असं देत नाही. तिनं माझी उजवी मूठ धरून उघडली. तळहातावर फोड आला होता, आणि फोडावर कमळाच्या पाकळ्या उठल्या होत्या.

"कावून रे?" एवढंच ती म्हणाली.

मला अख्ख्या वऱ्हाडात बोलका म्हणतात. मी मूठ पुन्हा मिटून घेतली.

नवऱ्याला तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. भाऊबीजेला बोलावते, पुरणपोळी करते, आता मला गादीवरच बसवते. ओवाळायच्या आधी पेटलेलं पितळी निरांजन माझ्या उजव्या तळहातावर ठेवते आणि काही विसरल्यासारखी आत जाते. पितळ हळूहळू तापतं. भाऊजी दरवर्षी ओरडतात की किती वेळ लावते ही बाई. ती सावकाश येते, समोर बसते, पदर नीट करते आणि विचारते, "गार हाय ना?"

"गार हाय, बाई," मी म्हणतो, आणि हसतो.